कुंपणच शेत खातं तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांनीही वाचावं, आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणून इथे देत आहोत.)



आज बचत, कर्ज, व्याज यातलं काही बोलायचं नाहीये. आज बोलायचंय ते एका पाटीबद्दल. फोनवर काहीतरी बघत असताना ती अचानक पडद्यावर येते. लाल रंग, मोठं उद्गारचिन्ह, आणि खाली लिहिलेलं असतं की तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, दोन मिनिटांत साफ करा, नाहीतर फोटो आणि नंबर सगळे जातील. फोन थरथरतो, कधी पिंपिं वाजतो. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर तर भोंगाच सुरू होतो, आणि एक बाई बोलायला लागते की कॉम्प्युटर बंद करू नका, लगेच या नंबरवर फोन लावा.

ही पाटी कुणाकुणाच्या फोनवर आली होती, हात वर करा बघू. आले ना एवढे हात? म्हणजे ही एकटीदुकटीची गोष्ट नाही. ही सगळ्यांची गोष्ट आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून समजून घेऊ.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. ती पाटी म्हणजे जाहिरात आहे. एखादी वेबसाइट उघडली म्हणून तिला तुमच्या फोनच्या आतलं तपासता येत नाही. दारावर भांडी विकायला आलेल्या माणसाला तुमच्या माजघरातल्या पेटीत काय आहे ते दिसतं का? नाही ना? मग "पाच व्हायरस" त्याने मोजले कुठून? मोजलेच नाहीत. आधीच लिहून ठेवलेली पाटी आहे ती. तुमच्याकडे येते तशीच लाख जणींकडे जाते.

आपण ही रीत ओळखतो. गावात एखादा येतो, ओट्यावर टेकतो, तांब्याभर पाणी मागतो आणि म्हणतो, "बाई, तुझ्या घराला पीडा आहे." पीडा सांगणारा तोच, उतारा देणारा तोच, आणि पैसे घेणाराही तोच. आपल्या सासू-आज्यांच्या वेळी तो झोळी घेऊन यायचा, आता फोनमधून येतो. याला आपल्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं. राखणीला म्हणून जे घरात घेतलं, तेच दाणे वेचायला लागतं.

शिकलेलेही फसतात

कुणाला वाटेल, आम्ही कमी शिकलेल्या म्हणून आम्हालाच हे फसवतात. तसं नाही. 2014 साली गुगलच्या प्ले स्टोअरवर "व्हायरस शील्ड" नावाचं एक अ‍ॅप विकायला होतं. किंमत जवळपास चार डॉलर. दहा हजारांहून जास्त लोकांनी पैसे देऊन ते घेतलं. त्यात होतं काय? एका ढालीचं चित्र. चित्रावर बोट लावलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण यायची. बस्स, एवढंच. व्हायरस शोधायचं कामच त्यात नव्हतं. उघडकीला आल्यावर गुगलने ते काढून टाकलं.

दुसरं उदाहरण 2019 सालचं. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकानांची साखळी आहे. तिथे लोक कॉम्प्युटर तपासायला आणायचे. दुकानदार आधी चार प्रश्न विचारायचा. कॉम्प्युटर हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का, अशा धर्तीचे. एकाला जरी "हो" म्हटलं, तरी तपासणीचा निकाल एकच यायचा, की यात खराब प्रोग्रॅम असल्याची लक्षणं आहेत. मग दुरुस्तीचं बिल. तिथल्या सरकारी ग्राहक संरक्षण संस्थेने हे पकडलं, आणि ऑफिस डेपो व तिला ते सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांची ही गत. त्यामुळे फसलेल्या बाईला हसू नका.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या तपासणी संस्थेने अँड्रॉइड फोनसाठी मिळणारी 250 "सुरक्षा" अ‍ॅप तपासली. त्यातली फक्त 80 अ‍ॅप जरा तरी कामाची निघाली. म्हणजे त्यांनी 30 टक्क्यांहून जास्त खराब अ‍ॅप ओळखली. बाकीची दोन तृतीयांश ओळखण्यात नापास, किंवा चांगल्यालाच चोर म्हणणारी.

आता याचा अर्थ अँटीव्हायरस नावाची गोष्टच खोटी, असा घेऊ नका. खरे अँटीव्हायरस आहेत आणि त्यातला एक तर आपल्या मातीतला आहे. सातारा जिल्ह्यातल्या काटकर बंधूंनी पुण्यात दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करून क्विक हील उभं केलं. खरी वस्तू तुम्ही स्वतः विचार करून, दुकानातून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, पावती घेऊन आणता. घाबरवून, दोन मिनिटांच्या घाईत जी गळ्यात मारली जाते, ती खरी वस्तू नव्हे. आणि हेही बघा, खोट्या पाटीवर बऱ्याचदा खऱ्या नामांकित कंपन्यांचं नाव आणि चिन्ह चोरून लावलेलं असतं. नाव ओळखीचं दिसलं म्हणून विश्वास टाकू नका.

खरं की खोटं, कसं ओळखायचं

चार खुणा सांगते.

एक, घाई. मिनिटं मोजणारं घड्याळ दिसलं की समजा, विचार करायला वेळ द्यायचा नाही, म्हणून ते लावलंय.

दोन, फोन नंबर. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच तसं सांगितलेलं आहे.

तीन, पैसे किंवा नवीन अ‍ॅप. आधी "फुकट तपासा" म्हणतात, भरमसाठ दोष दाखवतात, आणि काढायची वेळ आली की पैसे मागतात.

चार, नको तेवढी परवानगी. फोन साफ करणाऱ्या अ‍ॅपला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत? मेसेजमध्ये बँकेचा ओटीपी असतो, म्हणून.

आणि कधी खरंच कळलं नाही, तर एकच नियम पाळा. पाटीवरून आत जाऊ नका, दारातून आत जा. म्हणजे पाटीवर बोट न लावता ती बंद करा, आणि आपल्या हाताने सेटिंग्ज उघडून तपासा. फोनमध्ये प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर बोट लावा, "प्ले प्रोटेक्ट" दिसेल, तिथे "स्कॅन" करा. हे गुगलचं स्वतःचं आहे आणि फुकट आहे. विंडोज 10 आणि 11 च्या कॉम्प्युटरमध्येही "विंडोज सिक्युरिटी" आधीपासून असतं. वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. खरोखर काही बिघडलं असेल तर ते तिथे दिसेल.

हे घरात शिरतं कुठून

समजा, एक ताई फोनवर "लाडकी बहीण हप्ता कधी येणार" असं शोधते. दहा साइट येतात. त्यातली एखादी सरकारी नसतेच. ती उघडली की म्हणते, "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा." फोन मराठीत असेल तर "अनुमती द्या" असं येतं. ताईला वाटतं, पुढे जायचं तर दाबावंच लागेल. पण त्या एका बोटाने तिने त्या साइटला रोज नोटिफिकेशन पाठवायची मुभा दिली. दुसऱ्या दिवसापासून "व्हायरस सापडला" सुरू. फोनमध्ये व्हायरस शिरलेलाच नाही. त्या साइटला दिलेली परवानगी तेवढी आत बसली आहे.

दुसरी वाट म्हणजे "क्लीनर", "बूस्टर", "बॅटरी वाचवा", "अँटीव्हायरस" अशा नावांची अ‍ॅप. फोन हळू झाला म्हणून पोरं टाकून देतात. मग फोन उघडला की जाहिरात, फोन ठेवला की जाहिरात. तिसरी वाट व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलची. लग्नपत्रिका म्हणून, बँकेचं अ‍ॅप म्हणून, योजनेचा अर्ज म्हणून जी फाइल येते आणि जिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, ती उघडायचीच नाही. पाठवणारी आपली भाचीच असली तरी आधी तिला फोन करून विचारा. कदाचित तिचा फोन आधीच गेलेला असेल.

फोनमधून काढायचं कसं

घाबरू नका, एकेक करून करा. अक्षरं लहान वाटली तर शेजारच्या पोरीला बसवा जवळ, पण फोन आपल्याच हातात ठेवा.

नोटिफिकेशन येत असतील तर त्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा. कोणत्या साइटने पाठवली ते दिसेल आणि बंद करायचा पर्याय मिळेल. नाहीतर क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे यादी येते. ओळख नसलेल्या सगळ्या साइट बंद करा. बऱ्याच जणींचा त्रास इथेच संपतो.

पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात येत असेल तर ती आल्याबरोबर अलीकडे उघडलेली अ‍ॅप दाखवणारं बटण दाबा. कोणतं अ‍ॅप ती जाहिरात दाखवतंय ते कळतं. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, अनइन्स्टॉल. काही लबाड अ‍ॅप आपलं चित्र लपवतात. पडद्यावर दिसत नाहीत, पण सेटिंग्जमधल्या यादीत सापडतात. यादी सावकाश वाचा. त्रास सुरू झाला त्याच्या आसपास काय टाकलं होतं ते आठवा.

अनइन्स्टॉलचं बटण दबतच नसेल, तर त्या अ‍ॅपने फोनचा कारभार आपल्याकडे घेतलेला असतो. सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते. तिथे "डिव्हाइस अ‍ॅडमिन" शोधा आणि त्या अ‍ॅपची टिक काढा. तसंच "अ‍ॅक्सेसिबिलिटी" शोधा आणि तिथेही ते बंद करा. मग अनइन्स्टॉल होतं. जाहिराती काही करूच देत नसतील तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून धरलं की "पॉवर ऑफ" येतं, त्यावरच बोट दाबून धरायचं. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळे शांतपणे काढता येतं. काढून झालं की फोन बंद करून सुरू करा, म्हणजे नेहमीसारखा होतो.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. अ‍ॅप काढलं म्हणजे त्याची वर्गणी थांबत नाही. "तीन दिवस फुकट" म्हणून घेतलेल्या अ‍ॅपचे पैसे पुढेही कापले जातात. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट लावून "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स" बघा, आणि ज्या यूपीआय अ‍ॅपने पैसे देता त्यात "ऑटोपे" बघा. नको ते रद्द करा.

कार्यालयातला कॉम्प्युटर

आपल्या प्रभागसंघाच्या कॉम्प्युटरवर गटांच्या नोंदी असतात, बँकेच्या साइट उघडल्या जातात. तिथे ती भोंगा वाजवणारी पाटी आली तर पहिलं काम आवाज बंद करायचं. डोकं शांत झालं की अर्धं काम झालं. मग एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो. तरी बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात ब्राउझरवर जाऊन "एंड टास्क" करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "मागची पानं परत उघडू का" असं विचारलं तर "नको" म्हणा, नाहीतर तीच पाटी परत येईल.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. अलीकडे आलेलं, आपण न मागितलेलं जे काही "सिक्युरिटी", "क्लीनर", "ऑप्टिमायझर" असेल ते काढा. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स बघा, अनोळखी असेल ते काढा. नोटिफिकेशनची परवानगी फोनसारखीच इथेही तपासा. शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण स्कॅन लावा. तरी शंका राहिली तर त्यातच "ऑफलाइन स्कॅन" आहे. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासतो. त्याआधी चालू काम जतन करून ठेवा. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही 2017 पासून अशी साफसफाईची साधनं फुकट देतं. त्यांचा पत्ता सीएसके डॉट गव्ह डॉट इन.

पाटीवरच्या नंबरवर फोन मात्र लावायचा नाही. लावला तर पलीकडे गोड बोलणारा माणूस असतो. तो म्हणतो, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाका, मी इथून दुरुस्त करतो. ही दोन्ही कामाचीच अ‍ॅप आहेत, पण ती टाकून अनोळखी माणसाला आकडा सांगणं म्हणजे तिजोरीची किल्ली देणं. मग तो कॉम्प्युटरमधली नोंदवही उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो आणि म्हणतो, बघा किती बिघाड! ताईंनो, तशा नोंदी प्रत्येक चांगल्या कॉम्प्युटरमध्ये असतात. कुठल्याही घराच्या कोपऱ्यात थोडं जळमट असतंच की.

पैसे गेले असतील तर

नेट बंद करा. ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही तक्रार करता येते. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा जास्त. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. आपल्याच हातून पिन किंवा ओटीपी गेला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर पुढे जो पैसा जाईल त्याची जबाबदारी बँकेवर येते, असं रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवून दिलंय. म्हणून "उद्या बघू" म्हणू नका. पाटीचा फोटो, मेसेज, पैसे गेल्याची नोंद काहीही पुसू नका. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या फोनवरून.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलते. पैसे गेल्यावर बाई गप्प बसते. का बसते? कारण घरात पहिला प्रश्न येतो, "तुला कुणी सांगितलं होतं फोनला हात लावायला?" आणि फोन काढून घेतला जातो. मग ती सांगतच नाही. दोन दिवस लपवते, पोटात गोळा घेऊन हिंडते, आणि त्या दोन दिवसांत चोर राहिलेलं खातं रिकामं करतो. तिच्या फोनवर गटाच्या खात्याचे मेसेज येत असतील, ती अध्यक्ष किंवा सचिव असेल, तर प्रश्न तिच्या एकटीच्या पैशाचा उरत नाही. वीस-वीस रुपयांनी जमवलेल्या बचतीचा होतो. खोट्या पाटीची सगळी कमाई दोन गोष्टींवर चालते, आधी आपली भीती आणि मग आपली लाज. भीतीचं औषध माहिती. लाजेचं औषध मात्र एकटीकडे नसतं, ते गटाकडे असतं.

कर्जाचा हप्ता थकला तर आपण त्या बाईला घरी जाऊन विचारतो, काय अडचण आहे गं? वाळीत टाकत नाही. तसंच इथे करायचं. कुणी येऊन म्हणाली, "माझ्याकडून दाबलं गेलं," तर पहिलं वाक्य "अगं, असं कसं केलंस" हे नको. "बरं झालं सांगितलंस, चल 1930 लावू" हे हवं.

म्हणून प्रत्येक गटाला माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, नोंदवही लिहून झाली की दहा मिनिटं जास्त बसा. प्रत्येकीने आपला फोन हातात घ्यायचा. क्रोममधल्या नोटिफिकेशनची यादी, अ‍ॅपची यादी आणि ऑटोपे या तीन जागा बघायच्या. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवायचं, पण बोट तिचंच लावायचं. नोंदवहीच्या पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला 1930 हा आकडा आणि आपल्या बँकेच्या शाखेचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. किती फोनमध्ये काय सापडलं ते सीआरपी ताईंनी पुढच्या मासिक सभेत सांगायचं, नावं न घेता.

आपण शेताला कुंपण घालतो तेव्हा काठी स्वतः निवडतो, खड्डा स्वतः खणतो. फोनचं कुंपणही तसंच घालू, आपल्या हाताने, सावकाश, चार जणी मिळून. लाल पाटी वाजत राहिली तर वाजू द्या. आपण आधी आवाज बंद करू, मग बघू.